घाम आणि घास: पळायचं, पोट उतरवायचं आणि अंगही भरायचं, हे एकदमच जमतं का?

ह्या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात. पळणं चालूय, सायकल चालूय, तरी पोट काही हलंना, आणि जे कमी होतंय ते नको तिथून. म्हणून पहिलं उत्तर जरा ऐसपैस दिलंय, पुढची त्याच्या आधारानं वाचा. नावं नेहमीप्रमाणं छापलेली नाहीत.

प्रश्न: मी अंबाजोगाईला शाळेवर शिक्षक आहे. वय ३८, उंची ५ फूट ७ इंच, वजन ७९. घर माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. मागच्या वर्षी ८५ होतो, पळायला लागलो आणि सहा किलो उतरलं, पण आता चार महिने झाले काटा तिथंच अडकलाय. आठवड्याला पाच दिवस मिळून चाळीसेक किलोमीटर पळायलोय, जानेवारीत हाफ मॅरेथॉन करायचीय. सकाळी उपाशीपोटीच पळतो, मग चहा, दहाला भाजी-भाकरी, शाळेत अजून दोनतीनदा चहा, पाच वाजता घरी आलो की लई भूक लागते मग भजे नाहीतर चिवडा, आणि रात्री पोटभर जेवण. दंड-मांड्या बारीक झाल्या पण पोट तसंच, शर्ट खांद्यात ढिला आणि बटणाला घट्ट. जिमवाला पोरगा म्हणतो सर पळणं बंद करा, पळून मसल जळतो. पळायच्या ग्रुपमधले म्हणायलेत जिम लावू नका, अंग जड होतंय. कुणाचं ऐकू?

उत्तर: सर, दोघंही अर्धं खरं सांगायलेत. जिमवाल्याचं खरं एवढंच की नुसतं पळणं आणि त्याला प्रोटीन नसलेलं जेवण अशी जोडी जमली की शरीर चरबीसोबत मसलही मोडून खातं, तुमचे दंड त्याचाच पुरावा. ह्यावर एक जुना प्रयोग आहे, रॉबर्ट हिक्सन नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९८० साली छापलेला. एका गटाला फक्त वजनं, दुसऱ्याला फक्त दमसासाचा व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही, असे दहा आठवडे. दोन्ही करणाऱ्यांची ताकद पहिले सातेक आठवडे छान वाढली, मग थांबली आणि शेवटी शेवटी उतरायला लागली. जिममध्ये हा किस्सा इथंच संपवतात. पण त्या तिसऱ्या गटाला आठवड्यातून पाच दिवस वजनं आणि सहा दिवस दमसास, तेही जोरात, करायला लावलेलं होतं हे कुणी सांगत नाही. तुम्ही शाळा, घर, पेपर तपासणं सांभाळून दोन दिवस वजनं उचलणार, तुमच्यापासून ती अडचण बरीच लांब आहे. आणि हो, त्या प्रयोगात दोन्ही करणाऱ्यांचा दमसास काही बिघडला नव्हता, हे तुमच्या ग्रुपवाल्यांना आवर्जून सांगा.

ग्रुपवाल्यांना अजून एक सांगा. अविनाश साबळे आपल्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. त्याची तीन हजार मीटर स्टीपलचेस म्हणजे २८ अडथळे आणि वरून ७ पाण्याच्या उड्या, पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, आणि तो धक्का लागला तरी पडत नाही, तुम्हीच पडता. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदात रौप्य, २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये सुवर्ण. दमलेल्या पायानं एवढ्या उड्या मारायच्या तर पायात नुसता दम असून भागत नाही, ताकद लागते. आणि दोन दिवस वजनं उचलून कुणी पैलवान होत नसतं हो, पैलवान व्हायला काय काय खावं लागतं ते तालमीत जाऊन विचारा.

आता वजनं म्हणजे काय ते. शंभर बैठका मारणं हा पुन्हा दमसासाचाच व्यायाम झाला, तो तुमचा पळून झालेलाच आहे. तुम्हाला जड पाहिजे. खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट म्हणजे बैठक, डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं, एक पाय पुढं टाकून लंजेस, डंबेलनं रोइंग, खांद्याचा प्रेस, आणि शेवटी पिंढऱ्यांसाठी उभ्यानं टाचा उचलणं. प्रत्येकाचे तीन सेट, सेटमध्ये सहा ते आठ, आणि वजन असं की आठवा मारल्यावर वाटलं पाहिजे अजून फार तर दोन निघतील. पहिले दोन-तीन आठवडे हलक्या वजनावर फक्त पद्धत शिका, ज्याला पाठ सरळ ठेवून डेडलिफ्ट दाखवता येत नाही त्या ट्रेनरकडं शिकू नका. पाऊण तास पुरतो. बायसेप्सला वेगळा दिवस देणारं शेड्युल पोरांसाठी ठीक आहे, तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

वार कसे लावायचे ह्यात बरेच जण फसतात. लोक काय करतात, पळायच्या कठीण दिवसानंतर दुसऱ्या दिवशी जिम लावतात, मग सगळेच दिवस कठीण होतात आणि एकही नीट होत नाही. उलट करा. मंगळवारी सकाळी जोराचं पळणं असेल तर त्याच दिवशी संध्याकाळी जिम, मधी सहा तास तरी गेले पाहिजेत. मग बुधवार खरंच हलका, गप्पा मारत पळता येईल असा. दुसरी जिम गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे रविवारच्या लांब पळण्यापर्यंत मांड्या मोकळ्या होतात. शनिवारी संध्याकाळी स्क्वॉट मारून रविवारी पंधरा किलोमीटर काढणाऱ्यांचे गुडघे मग आम्हाला पत्र लिहितात.

आता जेवण. तुमचा खरा घोळ इथंच आहे, आणि तो नुसता जास्त खाण्याचा नाही, खायच्या वेळेचा आणि कशात काय आहे त्याचा आहे. पळायला साधारण किलोमीटरला, अंगाच्या दर किलोमागं, एक कॅलरी लागते. तुमचे चाळीस किलोमीटर म्हणजे आठवड्याला तीन हजारांच्या थोडं पुढं. एक किलो चरबीत सात हजार सातशे कॅलरी धरतात, म्हणजे कागदावर आठवड्याला चारशे ग्रॅम चरबी जायला पाहिजे. जात नाही कारण ती भरून निघतीय. तीन-चार चहा, प्रत्येकात दूध आणि दोन चमचे साखर, इथंच दिवसाला दोनशेच्या आसपास. भज्यांची एक प्लेट तीनशेच्या पुढं सहज. आणि आपल्याकडं प्रत्येक भाजीत, आमटीत, चटणीत शेंगदाण्याचा कूट. शेंगदाण्यात प्रोटीन आहे हे खरं, शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम, पण त्याच शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी, कारण निम्मं तेलच आहे. ठेचा जरूर खा, पण त्याला प्रोटीन म्हणून मोजू नका.

संध्याकाळची ती भयंकर भूक म्हणजे सकाळची उधारी, व्याजासकट. उपाशीपोटी हलकं पाच किलोमीटर पळलं तर काही बिघडत नाही, पण जोराचं पळणं किंवा तासाच्या पुढचं पळणं उपाशी करू नका, आधी एक केळं नाहीतर दोन-तीन खजूर पोटात जाऊ द्या. उपाशी पळाल्यानं पोटाची चरबी जास्त जळते असं सगळीकडं सांगतात, पळताना चरबी थोडी जास्त वापरली जाते तेवढं खरं, पण दिवसाचा हिशेब लावला तर फरक उरत नाही, आणि तुमच्यासारखं संध्याकाळी भज्यावर तुटून पडलं तर हिशेब उलटा जातो. पळून आल्यावर तासाभरात चहा-बिस्किटाच्या जागी नीट नाश्ता. मुरमुऱ्यांची सुशीला करायचीच असेल तर सोबत मोड आलेली मटकी आणि वाटीभर दही. धपाट्यासोबतही दहीच, लोण्याचा गोळा रोज नको. कमी कुठं करायचं तर रात्री, आणि सुट्टीच्या दिवशी. पळायच्या आगंमागं कधीच नाही.

प्रोटीनचा आकडा काढू. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस साध्या माणसाला किलोमागं ०.८३ ग्रॅम आहे. वजनं उचलणारा, पळणारा आणि वरून चरबी उतरवणारा असेल तर १.६ ते २ ग्रॅम लागतं. तुम्ही ७२ किलोवर यायचं ठरवलंत तर दिवसाला निदान ११५ ते १२० ग्रॅम धरून चला. आज किती जातं बघा, चार भाकरीतून चोवीसेक, दोन वाट्या वरणातून बारा-तेरा, चहातलं दूध आणि भाजी मिळून दहा-बारा, झाले पन्नास. म्हणजे निम्मंसुद्धा नाही. आणि गंमत बघा, लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचे ढीग लागतात, आडतीवर सगळ्यांचं लक्ष त्याच्या भावावर, आणि घरात सोयाबीन येतं ते फक्त तेलाच्या डब्यात. सोया वडी पन्नास ग्रॅम, कोरडी मोजलेली, तिच्यात पंचवीस ग्रॅम प्रोटीन निघतं, आणि ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. कोमट पाण्यात भिजवून दोनदा पिळून घेतली की वास जातो, मग येसर आमटीत टाका, घरात कुणी नावं ठेवणार नाही. शिवाय अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही, सोळा ग्रॅम. पनीर शंभर ग्रॅम, अठरा. संध्याकाळी पाच वाजता भज्यांच्या जागी मूठ-दोन मूठ फुटाणे आणि ताक, दहा-बारा. वरण पातळ पाण्यासारखं न करता घट्ट. हे सगळं चार वेळांत वाटून खा, एकदम रात्री कोंबू नका. घरचं सोयाबीन वापरणार असाल तर पूर्ण शिजवून, कच्चं अजिबात नाही. आणि माळकरी आहात तर बी-१२ एकदा तपासून घ्या, त्याच रक्तात फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि डी-३ पण होऊन जाईल.

किती वेगानं उतरवायचं? नॉर्वेच्या खेळाडूंवर केलेला अभ्यास २०११ ला आला, त्यात एका गटानं आठवड्याला वजनाच्या ०.७ टक्के कमी केलं, दुसऱ्यानं १.४ टक्के, दोन्ही गट वजनंही उचलत होते. शेवटी दोघांचं वजन साधारण सारखंच उतरलं, पण हळू उतरवणाऱ्यांचा मसल थोडा वाढला आणि घाई करणाऱ्यांचा जिथल्या तिथं राहिला. तुमच्या हिशेबात ०.७ टक्के म्हणजे आठवड्याला अर्धा किलो. त्याच्या पुढं जाऊ नका. तुम्ही वजनाच्या व्यायामात नवीन आहात आणि अंगावर चरबी शिल्लक आहे, अशा माणसाचं दोन्ही एकदम होऊ शकतं, जुन्या कसलेल्या गड्याला ते अवघड जातं.

जानेवारीच्या रेससाठी असं करा, आत्तापासून दिवाळीपर्यंत रोज तीनशे-चारशे कॅलरी कमी, जिम दोन दिवस, पळणं बहुतेक हलकं. दिवाळीच्या फराळाला कमी खाण्याचा कार्यक्रम तसाही मोडतोच, तो तिथंच अधिकृत बंद करा. मग पोटभर पण नीट खाऊन लांब पळणं वाढवा, अठरा-एकोणीसपर्यंत. जिम चालू, सेट तीनाचे दोन. शेवटचे दहा-बारा दिवस जिममध्ये फक्त हलकं. रेसच्या महिन्यात वजन उतरवायला गेलेला माणूस पंधराव्या किलोमीटरला चालायला लागतो, हे कुठल्याही रेसला रस्त्याच्या कडेला उभं राहून बघा.

काट्यावर रोज भरवसा ठेवू नका. अंगात साठलेल्या ग्लायकोजनच्या, म्हणजे राखीव साखरेच्या, एका ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी असतं, त्यामुळं लग्नाच्या पंगतीत जेवून आलं की दुसऱ्या दिवशी किलोभर वाढलेलं दिसतं आणि लांब पळालं की उतरलेलं, दोन्हीत चरबीचा संबंध नाही. रोज सकाळी बघा, आठवड्याची सरासरी काढा. बेंबीवर टेप लावून पंधरा दिवसांतून एकदा कंबर मोजा. आणि वहीत स्क्वॉटचं वजन लिहा. कंबर कमी होतीय आणि स्क्वॉट वाढतोय तर काटा हलला नाही तरी काम बरोबर चाललंय. पायाखालचे ते चरबीचा टक्का सांगणारे काटे पाणी पिऊन उभं राहिलं तरी आकडा बदलतात, ते पोरांना खेळायला द्या.

प्रश्न: मी परभणीत पोलीस भरतीची तयारी करायलीय. वय २१, उंची १५८, वजन पन्नास होतं ते चव्वेचाळीस केलंय. ८०० मीटरचा टाइम आधी कमी झाला पण दोन महिन्यांपासून उलट वाढायलाय, गोळाफेक पण कमी जायलीय. रोज दोन वेळा ग्राउंड. सकाळी लिंबूपाणी, दुपारी एक भाकरी, रात्री भात बंद. चार महिन्यांपासून पाळी आली नाही. डाव्या नडगीवर आतल्या बाजूनं एका जागी दाबलं की दुखतं. ॲकॅडमीतले सर म्हणाले मेहनत करणाऱ्या पोरींचं असं होतंच, घाबरू नको.

उत्तर: ताई, सर चुकीचं सांगतात. हे बऱ्याच ठिकाणी असंच सांगितलं जातं म्हणून ह्याला जागा जास्त देतोय.

पाळी थांबणं म्हणजे शरीरानं दिवाबत्ती बंद करायला सुरुवात केलीय. जेवढी ऊर्जा ग्राउंडवर खर्च होतीय तेवढी पोटात जात नाही, मग जगायला लगेच न लागणारी कामं शरीर एकेक करून थांबवतं, पाळी त्यातली पहिल्या काहींपैकी. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये ह्या सगळ्या प्रकाराला रेड-एस असं नाव दिलं, २०२३ ला त्यावर नवीन माहिती काढली. पाळी गेली की इस्ट्रोजन कमी होतं, आणि हाडं बळकट ठेवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. विशीतलं हाड हे पुढच्या आयुष्याची शिल्लक असते. नडगीवर एकाच जागी, बोटानं दाखवता येईल असं दुखणं, ते स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं. सुरुवातीच्या आठवड्यांत साध्या एक्सरेत ते दिसत नाही, म्हणून एक्सरे नॉर्मल आला म्हणून पळायला लागू नका.

तेव्हा आजपासून पळणं बंद. ह्याच आठवड्यात आधी हाडांचे डॉक्टर, मग स्त्रीरोगतज्ज्ञ. पाळी थांबायची दुसरीही कारणं असतात, थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे, ती तपासल्याशिवाय सगळं व्यायामावर ढकलायचं नाही, गरोदरपणाची चाचणीही डॉक्टर करायला सांगतील, त्यात लाजायचं काही नाही, ती सगळ्यांनाच सांगतात. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन करून घ्या. पाळी सुरू व्हायच्या गोळ्या दिल्या तर त्यांनी रक्तस्राव येईल, पण मूळ दुखणं कमी खाण्याचं असेल तर ते तसंच राहील, हे डॉक्टरांशी नीट बोलून घ्या.

खाणं रोज तीनशे ते पाचशे कॅलरीनं वाढवा. हे काही फार नाही, सकाळी ग्लासभर दूध आणि केळं, रात्रीचा भात परत, वरणावर तूप, दिवसातून दोन अंडी चालत असतील तर ती. जेवताना चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही, तासभराचं अंतर ठेवा, आणि पालेभाजीवर लिंबू पिळा.

आणि आता भरतीचं. तुमचं मैदान ५० मार्कांचं, ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. ह्या तिन्हींत फार वजन कमी असण्याचा काडीचा फायदा नाही. गोळा मांडीच्या आणि पाठीच्या ताकदीनं जातो, चव्वेचाळीस किलोच्या अंगातून तो कमी जाणारच. १०० मीटरलाही तेच. तुम्ही सहा किलो चरबी कमी केलेली नाही ताई, त्यात बराच मसल गेलाय, टाइम वाढायलाय तो त्यामुळंच. नडगी बरी होईस्तोवर डॉक्टर हो म्हणतील तेवढी वरच्या अंगाची वजनं उचला, मग हळूहळू स्क्वॉट. वजन परत अठ्ठेचाळीस-पन्नास झालं तर आनंद माना. कुणी त्यावरून बोललं तर हे पान दाखवा.

प्रश्न: संभाजीनगर. वय ४६, दुकान आहे. दर रविवारी मित्रांसोबत वेरूळला सायकलवर जाऊन येतो, दौलताबादचा घाट चढतो. दोन वर्षं झाली, वजन चार किलोनं वाढलंच. २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायचीय. सायकलनं वजन कमी होतं म्हणतात ते खोटं का?

उत्तर: भाऊ, सायकल खोटी नाही, रविवार खोटा आहे. वेरूळ जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, त्यात बाराशे ते पंधराशे कॅलरी गेल्या असं धरू. परत येताना मिसळ, वर जिलेबी, दुपारी नान-खलिया कारण आज सायकल झालीय, मग चार वाजेपर्यंत झोप. ते पंधराशे तिथंच फिटले. आणि उरलेले सहा दिवस गल्ल्यावर बसून.

बरेच सायकलवाले चालत्या सायकलवर काही खात नाहीत, पाण्यावर काढतात, आणि घरी पोचेपर्यंत एवढे रिकामे झालेले असतात की समोर येईल ते जातं. तासाच्या पुढच्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट घ्या. एक केळं पंचवीस ग्रॅम, एक चिक्कीची वडी अजून थोडं. खिशातून अर्ध्या अर्ध्या तासाला. पाण्यात चिमूटभर मीठ आणि साखर, उन्हाळ्यात दोन बाटल्या कमीच पडतात. असं केलं की घरी आल्यावर साधं वरण-भात-भाजी जेवता येतं, आणि आठवड्याचा हिशेब एवढ्या एका बदलानंच फिरतो.

बीआरएमची दोनशेची वेळ साडेतेरा तास, ती वेगापेक्षा बसण्याची परीक्षा आहे. पाठ, खांदे, मान आधी बोलायला लागतात, पाय नंतर. म्हणून आठवड्यात दोन दिवस वजनं, वर सरांना सांगितलेलीच, आणि मधल्या एखाद्या दिवशी पहाटे तासभर सायकल. सायकलीत हाडांवर भार येत नाही, तुमच्या वयाला त्यासाठीही वजनं पाहिजेत. घाटात वॅट्स (पायांनी लावलेली शक्ती) आणि किलो ह्यांच्या भागाकाराचा खेळ असतो, मित्र चार हजाराचं हलकं सीटपोस्ट (सीटखालची नळी) घेतात, तुमच्याकडं चार किलो फुकट काढायला आहेत.

प्रश्न: नांदेडहून. रमजानमध्ये पूर्ण रोजे धरतो, हाफ मॅरेथॉनची तयारी पण चालू आहे. मागच्या वर्षी महिनाभरात सगळा स्टॅमिना आणि मसल गेला. काय करावं?

उत्तर: भाई, तो महिना कमावायचा नाही, राखायचा. चरबी उतरवायचा विचार त्या महिन्यात सोडून द्या. वजनं इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी, आठवड्यातून दोनदा, नेहमीच्या एक तृतीयांश सेट केले तरी मसल टिकतो, फक्त बारवरचं वजन कमी करू नका. पळणं हलकं, अर्धा-पाऊण तास, इफ्तारच्या थोडं आधी म्हणजे लगेच पाणी मिळतं, किंवा तरावीहच्या रात्रीच्या नमाजानंतर. उन्हाळ्यात रोजे आले तर दिवसा पळूच नका, आपल्याकडचं बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री काही गंमत नाही. सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, अंडी, दही, डाळ नक्की, नुसत्या शेवया-पराठ्यावर दिवस निघत नाही. पाणी इफ्तारला एकदम लिटरभर ओतण्यापेक्षा सहरीपर्यंत थोडं थोडं. डायबिटीसच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारून.

प्रश्न: व्हे, क्रिएटिन, फॅट बर्नर, ह्यातलं पळणाऱ्यानं काय घ्यावं? (जालना, धाराशिव, हिंगोली, अशा पाच-सहा जणांचा हाच प्रश्न)

उत्तर: फॅट बर्नर काहीच नको, त्यात बहुतेक कॅफिन असतं, ते चहातही मिळतं, आणि वरून झोप उडते. व्हे म्हणजे दुधातून चीज काढल्यावर उरलेल्या पाण्यातलं प्रोटीन, औषध नाही आणि विषही नाही. डब्यातल्या मापाच्या एका चमच्यात साधारण २४ ग्रॅम प्रोटीन. सोया वडी, दूध, डाळ, अंडी ह्यांनी आकडा गाठता येत असेल तर गरज नाही, डबा घेऊन ऑफिसला जाणाऱ्याला सोयीचं पडतं इतकंच. डब्यावर एफएसएसएआयचा परवाना नंबर बघा, ओळखीच्या पोराकडून सुटं पुडकं घेऊ नका.

क्रिएटिन मोनोहायड्रेट, म्हणजे ताकदीसाठी घेतात ती पावडर, हिचा अभ्यास भरपूर झालाय, रोज ३ ते ५ ग्रॅम, वजनं उचलणाऱ्याला फायदा होतो, शाकाहारी लोकांना थोडा जास्तच, कारण ते जेवणातून मिळतं मांसमच्छीतून. किडनीचा त्रास असेल तर नको. पहिल्या काही आठवड्यांत अंगात पाणी धरून किलो-दीड किलो वजन वाढतं, ती चरबी नाही. पण लांब पळणाऱ्याला ते किलो वाहून न्यावं लागतं, म्हणून जिमवर भर असलेल्या महिन्यांत घ्या आणि रेसच्या चार-सहा आठवडे आधी बंद करा, तेवढ्यात पाणी उतरतं.